एर्मिंदाचं वाळुंजावरचं घर

एर्मिंदा वेंचुल हिला तिचं जन्मगाव विचारलं की ती एकच शब्द सांगते. "वाटेत."

त्यात काही खोटं नाही. ती जन्मली त्या दिवशी तिच्या आईबापाचं घर बैलांच्या मागून माळ चढत होतं. आई घरात, बाप बैलांपुढे, शेजारीण खिडकीतून ओरडतेय की थांबा जरा, आणि बैलवाला मागे न बघताच म्हणतोय, "चढावर थांबता येत नाही बाई, तिलाच थांबायला सांगा." शेवटी सपाटी आली तेव्हा घर पाव तास उभं राहिलं. तेवढ्यात पोर झाली आणि घर पुन्हा चालू लागलं. नोंदणीच्या कारकुनानं जागा विचारली तर बाप म्हणाला, "ओढा ओलांडल्यावर पहिलं वळण आहे ना, त्याच्या अलीकडे." कारकुनानं काय लिहिलं ते आजवर कोणाला वाचता आलेलं नाही.

त्या काळात पिचिकोइवे हे गाव नव्हतंच. लाकूड कापायची एक गिरणी होती आणि तिच्या शेपटीला बांधल्यासारखी तिच्यामागून फिरणारी एकवीस घरं. आजूबाजूचं रौली आणि कोइवेचं जंगल सहा-सात वर्षांत संपायचं. लांबून ओंडके ओढून बैलांच्या तोंडाला फेस यायला लागला की मालक वाल्दिव्हिया शहरातून निरोप धाडायचा, "हलवा." मग वाफेचं इंजिन हलायचं, करवतीचं बाक हलायचं आणि घरंही हलायची. कारण प्रत्येक घर दोन जाडजूड तुळयांवर बसवलेलं असे आणि त्या तुळयांची टोकं होडीच्या नाळेसारखी वर वळवलेली. साखळी अडकवली, आठ बैलजोड्या जुंपल्या, की घर निघालं.

घर हलताना चूल विझवायची नाही, अशी पद्धत होती. चुलीवर किटली काठोकाठ भरून ठेवायची आणि घरधनीण तिच्याशेजारी बसणार. मुक्कामाला पोचेपर्यंत किटली सांडली नाही तर बैलवाल्याची मान ताठ. सांडली तर तो अख्खा हिवाळा त्याला सगळे "काय रे, ओली चूल" म्हणून हाक मारणार. आतिलियो नावेल्किन या बैलवाल्याची किटली कधी सांडली नव्हती. तो बोलायचा तेही बैलांना धरूनच. "आम्ही काल जरा कमी जेवलो." "आम्हाला तो मुकादम आवडत नाही." यात आतिलियो किती आणि बैल किती, हे ऐकणाऱ्यानं ठरवावं.

एर्मिंदाचा बाप गिरणीत करवतीची पाती पाजळायचा. इंजिनाशेजारी वीस वर्षं काढून त्याचे दोन्ही कान गेले. पातं नीट चाललंय की नाही ते कळेना, म्हणून तो एकोणीस वर्षांच्या लेकीला शेजारी बसवू लागला. पातं ओंडक्यात शिरलं की झ्यँऽऽऽ असा सूर लागतो. एखादा दात बोथट असेल तर झ्यँ-टक-झ्यँ-टक. इतपत कोणालाही ऐकू येतं. एर्मिंदाला मात्र कितवा दात ते ऐकू यायचं. ती बापाला बोटं दाखवायची, चौदा, मग एकतीस, आणि बाप कानस घेऊन बरोबर त्या दातावर बसायचा. बाप गेल्यावर कानस तिच्या हातात आली. बाईमाणूस पाती पाजळणार म्हणून पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं हसले. दुसऱ्या आठवड्यात तेच आपल्या घरच्या कुऱ्हाडी, कात्र्या, सुऱ्या घेऊन रांगेत उभे होते.

नवरा तिनं गिरणीतलाच केला, नोल्बेर्तो बार्रियेंतोस. सुतार, दिसायला देखणा, शीळ छान घालायचा. त्याच्या तोंडात एक शब्द कायम असे, "तात्पुरतं." दाराला कडीऐवजी दोरी? तात्पुरती. टेबलाच्या चौथ्या पायाऐवजी बादली? तात्पुरती. लग्नात त्यानं तिच्या बोटात तारेचं वेटोळं घातलं आणि पाद्र्यासमोर हळूच म्हणाला, "ही तात्पुरती हं." तीच तार अजून बोटात आहे.

मग साठ सालचा तो मोठा भूकंप आला. सगळ्या दक्षिणेत घरं पडली, पिचिकोइवेत एकही नाही पडलं. ती तुळयांवर होती ना, ओल्या गवतावरून नुसती घसरली, कोणी दहा हात तर कोणी वीस. गुरं बुजल्यावर जशी विखुरतात तशी. दुसऱ्या दिवशी माणसं आपापलं घर शोधत हिंडत होती. नोल्बेर्तोचं घर तर गोल फिरून असं थांबलं की त्याचं दार थेट आतिलियोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला भिडलं. तीन दिवस त्यांना खिडकीतून, आतिलियोच्या बायकोच्या पातेल्यांवरून ये-जा करावी लागली.

बैलांनी घर परत जागेवर आणून ठेवलं, पण नोल्बेर्तोनं धसका घेतला. "घर बांधून ठेवलं पाहिजे," तो म्हणाला आणि ओढ्याकडे गेला. तासाभरात सहा ताजे बुंधे खांद्यावर घालून आला. घराच्या कडेनं खड्डे घेतले, बुंधे पुरले, तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी आवळले.

एर्मिंदानं कानस खाली ठेवली. "हे वाळुंज आहे."

"हो."

"गिरणीच्या आवारात बारा गाड्या रौली पडलंय. दगडासारखं टणक. आणि तू वाळुंज आणलंस?"

"जवळ होतं. तात्पुरतं आहे गं. पुढच्या महिन्यात बदलतो."

वाळुंजाची ओली काठी चिखलात खोचली तरी जगते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. दिवसभर लाकडात हात घालणाऱ्या या माणसाला ते आठवलं नाही. सप्टेंबरात स्वयंपाकघरात जमिनीच्या फळ्यांमधून एक हिरवा धुमारा वर आला. एर्मिंदानं त्याच्यावर फडकं वाळत घातलं. आठवड्याभरात फडकं तिच्या खांद्याइतक्या उंचीवर गेलं होतं.

गिरणीला त्या वर्षी दुसरा विषय नव्हता.

"नोल्बेर्तो, घराला पाणी घातलंस का आज?"

"छाटणी कधी करणार? स्वयंपाकघर सूर्य अडवतंय."

"कोमाद्रे," आतिलियो म्हणायचा. एर्मिंदा त्याच्या थोरल्या पोराची धर्मआई, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे. "कोमाद्रे, तुमच्या घराचं कलम द्याल का आम्हाला? आमच्या गोठ्याशेजारी लावू म्हणतो."

नोल्बेर्तो चिडला नाही. उलट त्याला आयती मांडणी मिळाली. जी वस्तू ठेवायला जागा नाही ती तो वाळुंजाला ठोकायचा. टोपीला खिळा, लगामाला खिळा, आरशाला खिळा. झाडं जाड होत गेली आणि खिळे पोटात घेत गेली. मग तो जरा वर नवा खिळा मारायचा. पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा, "बघा, खिळे खातंय. मागच्या वर्षी आकड्यासकट एक गिळलाय."

सदुसष्ट साली निरोप आला, "हलवा." या खेपेला वर, खिंडीच्या पलीकडे, दीड तासाच्या चढावर. मुकादम क्लोदोमिरो आन्कापान घरोघर सांगत फिरला. हा माणूस कुठलीही गोष्ट सरळ सांगत नसे. आधी घसा खाकरणार, मग "म्हणजे कसंय" म्हणणार, मग आकाशाकडे बघणार. एर्मिंदाच्या घरापाशी आल्यावर तो वाकला, खाली डोकावला, उठला आणि तीनदा खाकरला.

"म्हणजे कसंय, दोन्या एर्मिंदा," तो म्हणाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब. "हे येईल ना?"

"बैल ओढतील तर येईल."

"आणि नाही आलं तर... म्हणजे कसंय, मालक एक यंत्र पाठवतायत. पाती पाजळायचं. सोबत माणूसही आहे. तात्पुरता."

तात्पुरता म्हणजे किती वर्षं, हे एर्मिंदापेक्षा जास्त कोणाला कळणार. त्या संध्याकाळी तिनं सगळ्या कानशी एकेक करून तेल लावून पुसल्या आणि कापडात गुंडाळल्या. तिला वर जायचं होतं. जन्मल्यापासून तिनं गिरणीच्या आवाजाशिवाय एक दिवस काढला नव्हता, आणि हात रिकामे ठेवून बसायचं कसं असतं ते तिला माहीत नव्हतं.

ओढायचा दिवस आला. वीस घरं आधीच वाटेला लागली होती. एर्मिंदाच्या घराला आतिलियोनं आठ जोड्या जुंपल्या. एर्मिंदा आत किटलीपाशी बसली. आतिलियोनं शीळ घातली, बैलांनी मान खाली घातली, साखळी ताणली. घर कण्हलं. हललं नाही. बारा जोड्या लावल्या. वाळुंजाची पानं सळसळली, घर तसंच. सोळा जोड्या लावल्यावर साखळीची कडी तुटली आणि पुढचे सोळा बैल अचानक मोकळे होऊन ओढ्यापर्यंत पळत गेले.

आतिलियो घाम पुसत खिडकीशी आला. "किटली?"

"थेंब नाही सांडला," आतून एर्मिंदा म्हणाली.

"झालं तर. आमचं नाव राहिलं."

मग वरून चार गडी दोन माणसांची मोठी करवत घेऊन आले. बुंधे जमिनीलगत कापायचे, संपला प्रश्न. सहा बुंधे म्हणजे या लोकांना सकाळच्या चहाआधीचं काम. करवत लागणार इतक्यात एर्मिंदा बाहेर आली आणि बुंध्यासमोर उभी राहिली.

"कोणाची करवत ही?"

"गिरणीची."

"दात कोणी लावलेत?"

"तुम्हीच."

"मग मागे घ्या." ती नवऱ्याकडे वळली. "नोल्बेर्तो, या सहा झाडांत किती लोखंड आहे?"

नोल्बेर्तो विचारात पडला. "बारीक चुकाही धरायच्या की फक्त मोठे खिळे?"

चारही गडी करवत घेऊन दोन पावलं मागे सरले. लाकडात लपलेलं लोखंड म्हणजे या लोकांना साप. एक खिळा लागला तर पात्याचे दहा दात जातात, आणि दात उडाला तर कोणाचा डोळाही जातो.

"कुऱ्हाडीनं बघू," क्लोदोमिरो म्हणाला. तिसऱ्या घावाला कुऱ्हाडीच्या पात्यातून चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला. खाचेत बोट घालून नोल्बेर्तोनं काहीतरी चाचपलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हा नाल इथे होता होय. दोन वर्षं शोधतोय."

कोणी हसलं नाही. म्हणजे एर्मिंदाकडे बघून हसू दाबलं.

क्लोदोमिरो खाकरला. "म्हणजे कसंय, वर नवं घर बांधून देऊ. लाकूड गिरणीचं."

"बांधणार कोण?"

"सुतार तर एकच आहे आपल्याकडे."

एर्मिंदानं नवऱ्याकडे पाहिलं. तो नाल बाहीला पुसून चकचकीत करत होता. तिनं सहा झाडांकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं चुलीवरून किटली उतरवली.

गिरणी गेली. घरं होती तिथे गवतात पिवळे चौकोन उरले, वीस. त्यांच्यावरून कोंबड्या चालल्या तरी ऐकू येत होतं. पहिल्या सकाळी नोल्बेर्तो दारात माते नावाच्या पाल्याचा कडू चहा घेऊन बसला आणि म्हणाला, "शांत वाटतंय, नाही?" एर्मिंदानं घरातल्या सुऱ्यांना धार लावली. दुपारी पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी चमचे सोडून घरातली प्रत्येक वस्तू कापू शकत होती, आणि नोल्बेर्तो पाव तोडताना बोटं जपू लागला.

चौथ्या सकाळी वारा खिंडीकडून फिरला. अगदी बारीक, डास गुणगुणल्यासारखं वरून काहीतरी आलं. नोल्बेर्तोला काहीच ऐकू आलं नाही. एर्मिंदा हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"सातवा," ती म्हणाली.

"काय सातवा?"

"दात."

दुसऱ्या दिवशी सातवा आणि आठवा. त्यानंतर वीस ते चोवीस. "यंत्रावर सगळे दात एकाच मापानं घासतोय तो," ती म्हणाली. "गाठीच्या लाकडाला वेगळा कोन लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही." नोल्बेर्तो म्हणाला, आपण जाऊन सांगूया का. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरपण फोडायला गेला. त्याला ते काम नव्हतं, पण गेला.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "जळलं." आणि तिनं चुलीत दोन लाकडं जास्त घातली, कारण आता पाहुणे येणार होते.

दुपारी ते उतारावरून दिसले. पुढे क्लोदोमिरो, मागे दोन गडी, त्यांच्या खांद्यावर काठी आणि काठीत मधल्या भोकातून अडकवलेलं मोठं गोल पातं. कडा तापून निळ्या पडलेल्या. आतिलियोही बरोबर होता, बैलांशिवाय, त्यामुळे अर्धाच आल्यासारखा दिसत होता.

क्लोदोमिरो पाच वेळा खाकरला. "म्हणजे कसंय, दोन्या एर्मिंदा..."

"यंत्राचा माणूस कुठे आहे?"

"तो गेला."

"यंत्र?"

"ते आहे. कोंबड्या बसतात त्याच्यावर." तो आकाशाकडे बघायला लागला. "बावीस पाती आहेत अशी. तुम्ही दिवसा वर या, संध्याकाळी खाली. बैलगाडी पाठवतो."

एर्मिंदानं पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. दीड तास वर, दीड तास खाली, आणि पावसाळ्यात ती वाट म्हणजे ओढाच. संध्याकाळी परत यायचं ते वीस पिवळ्या चौकोनांत. "मी नाही येणार," ती म्हणाली. "पाती इथे येतील."

"येतील की. गडी आणतील."

"पण इथे कापून बघायला काय आहे? लाकडात गेल्याशिवाय दात बोलत नाही. मला बाक लागेल. लहान चालेल. आणि ते जुनं इंजिन."

क्लोदोमिरो तिच्याकडे बघत राहिला. आजवर ती पात्याला नखानं टिचकी मारून दात सांगते, हे सगळ्या गिरणीनं पाहिलं होतं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

"ते गिरणी शेजारी होती तेव्हा. अकरा दिवसांत कान गंजलेत."

मुकादम दुसरं काही असला तरी मठ्ठ नव्हता. त्यानं रिकाम्या माळाकडे एकदा पाहिलं, तिच्या दारातल्या धार लावलेल्या सुऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि या खेपेला न खाकरताच विचारलं, "बाकावर किती माणसं लागतील?"

"इंजिनाला एक. लाकूड सरकवायला दोन."

"तीन."

"आणि ओंडके ओढायला एक बैलवाला."

आतिलियो लगेच म्हणाला, "आम्हाला वर तसंही जमत नाही. गवत आंबट आहे."

"चार," क्लोदोमिरो म्हणाला.

"त्यांच्या बायकापोरांना काय वर ठेवणार? माणूस उपाशी काम करत नाही."

चार घरं उतारावरून खाली आली. उतारावर घर ओढायचं नसतं, मागून धरून ठेवायचं असतं, आणि ते बैलांना पटवणं फार अवघड. आतिलियोच्या घरानं वाटेत एकदा बैलांनाच मागे टाकलं. ते सरळ येऊन एर्मिंदाच्या अंगणात थांबलं, तेव्हा आतून त्याची बायको शांतपणे बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो ओली चूल, या आत." हे नाव त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं, आणि ते मरेपर्यंत सुटलं नाही.

आज पिचिकोइवेत सदतीस घरं आहेत, एक चॅपल आहे आणि आठवड्यातून दोनदा बस येते. खिंडीपलीकडची गिरणी कधीच बंद पडली, तिथे आता गुरं चरतात. शाळेतल्या मास्तरीणबाई पोरांकडून पाठ करून घेतात की गावाची स्थापना सदुसष्टच्या मार्चात झाली. पोरं विचारतात, स्थापना कोणी केली, आणि मास्तरीणबाई विषय बदलतात, कारण वहीत "नोल्बेर्तो बार्रियेंतोस" असं लिहायला त्यांचा हात धजत नाही.

पण त्या मार्चात बाक बसलं त्या सकाळी यातलं कोणाला काही माहीत नव्हतं. चार कुटुंबं कुंपणाला टेकून उभी होती. बायांनी अजून भांडीही उतरवली नव्हती, कारण पातं पहिल्याच फेरीत नीट निघालं तर दुपारी परत वर जायचं की काय, असं त्यांना वाटत होतं. इंजिनानं वाफ सोडली, पट्टा फिरला, पातं कोइवेच्या ओंडक्यात शिरलं. झ्यँऽऽऽ. एकसंध, गोड, कुठेही खडा नाही. एर्मिंदानं डोळे मिटले. पहिल्या वितीतच तिला कळलं होतं की सगळे दात जागच्या जागी आहेत.

"झालं का?" क्लोदोमिरोनं इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं. "जाऊ का घेऊन?"

तिनं मान जराशी तिरकी केली, भुवया गोळा केल्या, आणि फार दूरचं काहीतरी ऐकत असल्यासारखा चेहरा केला.

"अजून थोडं चालू द्या," ती म्हणाली.